करंडक संघाचा, पारितोषिक नटाचे : विद्यार्थी रंगभूमीवरील अभिनय-पारितोषिकांची प्रस्तावना

महाराष्ट्रात विद्यार्थी-नटाच्या वाट्याला येणारे अभिनयाचे पारितोषिक सहसा एकटे येत नाही. ते संघाच्या करंडकाबरोबर येते, त्याच समारंभात, त्याच परीक्षकांच्या निकालातून. वैयक्तिक पारितोषिके जाहीर होत असतात तेव्हा नाट्यगृहातले बहुतेक कान करंडकाच्या घोषणेकडे लागलेले असतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात निकाल येतो तोही ठरलेल्या साच्यात : आधी विद्यार्थ्याचे नाव, कंसात भूमिकेचे नाव, मग एकांकिका आणि शेवटी महाविद्यालय. या एका ओळीत पारितोषिकाचे सगळे स्वरूप आलेले आहे. बक्षीस मिळते ते कोणा एका गुणवान मुलाला किंवा मुलीला नव्हे, तर एका विशिष्ट एकांकिकेत, एका विशिष्ट महाविद्यालयाच्या वतीने केलेल्या विशिष्ट भूमिकेला. नटाची स्वतंत्र ओळख आणि संघाचा हक्क यांची ही ओढाताण विद्यार्थी रंगभूमीच्या इतिहासात पहिल्यापासून आहे.

नटांची स्पर्धा लावून त्यांना गौरवण्याची कल्पना मात्र फार जुनी. भरताच्या नाट्यशास्त्रातील सिद्धीविषयक अध्यायात नट एकमेकांशी चढाओढ करतात, ती धनासाठी किंवा पताकेसाठी. निकाल देणाऱ्यांना तिथे ‘प्राश्निक’ म्हटले आहे. यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरणी, राजा, धनुर्विद्येचा जाणकार, चित्रकार, वेश्या, गायक-वादक आणि राजसेवक असे दहा प्रकारचे लोक त्या ग्रंथाने सांगितले आहेत. नाटकात ज्याच्या क्षेत्रातला प्रसंग असेल, त्याने तो पारखावा, अशी ही योजना. धनुष्य कसे ओढले हे धनुर्धराने सांगायचे आणि राजाचा वावर राजाने. गुणदोष मोजणारे आणि टिपून ठेवणारे वेगळे. आजच्या एकांकिका स्पर्धेत परीक्षक बहुधा तिघे असतात आणि तिघेही रंगभूमीवरचेच असतात. भरताची समिती याहून बरीच मोकळ्या मनाची होती म्हणायची.

आधुनिक मराठी रंगभूमीची सुरुवात १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने झाली. पुढच्या काही दशकांत इंग्रजी शिकलेला विद्यार्थी नाटकाकडे वळला, तो शेक्सपिअर आणि संस्कृत नाटके यांच्या वाटेने. १८८३ मध्ये आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, पुढे देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले. शिकलेल्या तरुणांच्या हौशी मंडळ्याही याच काळात निघाल्या. पुण्यात १८९४ मध्ये ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ स्थापन झाला. त्याचेच पुढे ‘भरत नाट्य संशोधन मंदिर’ झाले. सदाशिव पेठेतल्या ज्या नाट्यगृहात आज महाविद्यालयांचे संघ करंडकासाठी झुंजतात, ते विद्यार्थ्यांच्याच क्लबातून उभे राहिलेले आहे.

या काळात नटाला बक्षिसे मिळत नव्हती असे नाही. व्यावसायिक मंडळ्यांच्या नटांना रसिक आणि संस्थानिक पदके देत, शाली पांघरत. पण ती कौतुकाची भेट होती, तुलनेचा निकाल नव्हता. महाविद्यालयीन नाटक तर स्नेहसंमेलनापुरतेच. ज्याचे नाटक त्याचेच प्रेक्षक, फार तर प्राचार्यांची शाबासकी. अभिनयाचे पारितोषिक द्यायचे तर दोन नट एका मापाने मोजावे लागतात. त्यासाठी एकाच रंगमंचावर, एकाच वेळेच्या मर्यादेत, एकाच परीक्षकांपुढे वेगवेगळी महाविद्यालये उभी राहावी लागतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू होईपर्यंत विद्यार्थी-नटाच्या पारितोषिकाला जागाच नव्हती.

ती जागा स्वातंत्र्यानंतर तयार झाली. १९५४ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात देशातल्या विद्यापीठांचा पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला आणि त्याच वर्षी मुंबई राज्याने राज्य नाट्य स्पर्धा सुरू केली. राज्य स्पर्धा हौशी संस्थांची होती, विद्यार्थ्यांची नव्हे. तरी अभिनयाच्या पारितोषिकाची भाषा मराठी नटाला तिनेच शिकवली. उत्तम अभिनयाचे रौप्यपदक, त्याखाली गुणवत्ता प्रमाणपत्रे आणि स्त्री-पुरुष नटांचा वेगळा विचार ही तिथली चौकट. बँकेतला कारकून, शाळेतला मास्तर, गिरणीतला कामगार यांच्या घरच्या भिंतीवर ते रौप्यपदक चौकटीत लागू लागले. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांनी पुढे एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य, नकला असे प्रकार वेगळे केले आणि प्रत्येकाला बक्षीस ठेवले. मात्र एका दिवसात डझनावारी प्रयोग उरकणाऱ्या महोत्सवात नटाकडे निवांत पाहायला फुरसत कोणाला?

१९६३ मध्ये पुण्यात ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेने आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. संस्था १९३७ पासूनची. तिचे चिटणीस राहिलेले पुरुषोत्तम रामचंद्र ऊर्फ आप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ स्पर्धेच्या मुख्य बक्षिसाला ‘पुरुषोत्तम करंडक’ हे नाव मिळाले. स्पर्धेला शिस्त लावण्यात राजाभाऊ नातू यांचा वाटा मोठा. ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी, सप्टेंबरमध्ये अंतिम फेरी, पुणे केंद्रावर ५१ संघ आणि त्यातून अंतिम फेरीत नऊ, असा तिचा ठरलेला क्रम झाला. दुसऱ्या क्रमांकाला हरि विनायक करंडक, तिसऱ्याला संजीव करंडक, तर प्रायोगिक एकांकिकेसाठी जयराम हर्डीकर या तरुण नटाच्या नावाचा करंडक. ‘अरे, आव्वाज कुणाचा’ ही आरोळी महाराष्ट्रभरच्या स्पर्धांत ऐकू येते, पण तिचे घर ‘भरत नाट्य मंदिरा’च्या बाल्कनीत आहे.

अभिनयाच्या दृष्टीने ‘पुरुषोत्तम’ची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथे काय नाही, ही. नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा यांना पारितोषिक नाही. मोजले जाते ते लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय. भरताच्या आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकी आहार्य जवळपास वजा केलेला. त्याची कारणे व्यवहारातलीही आहेत. मोठ्या महाविद्यालयाने पैसे ओतून सेट उभा केला म्हणून लहान महाविद्यालय मागे पडू नये, आणि तासाभराच्या मर्यादेत मांडामांडीत वेळ जाऊ नये. परिणाम मात्र कलेवर झाला. दोन ठोकळे आणि एक खुर्ची एवढ्यावर विहीर, रेल्वेचा डबा, कोर्ट, वाडा हे सारे नटाने उभे करायचे. रिकाम्या हाताने दार उघडले तर कडी किती उंचीवर आहे हे त्याच्या खांद्यावरून कळले पाहिजे, आणि पुढच्या प्रवेशात दुसऱ्याने तेच दार उघडताना ती कडी तिथेच असली पाहिजे. तालमींत यावर तासन्‌तास जातात. संघातल्या एकाचे चुकले की सगळ्यांचे दार कोसळते. एकट्या नटाचा अभिनय इथे संघाच्या अभिनयातून वेगळा काढणे किती अवघड आहे, हे यावरून ध्यानात यावे.

या स्पर्धेतील अभिनय नैपुण्याच्या पारितोषिकाला केशवराव दाते यांचे नाव आहे आणि ते नाव नेमके बसते. दाते (१८८९-१९७१) महाराष्ट्र नाटक मंडळीत घडले. ती गद्य नाटकांची मंडळी. पदाला ‘वन्समोअर’ घेऊन वेळ मारून नेण्याची सोय तिथल्या नटाला नव्हती. शब्द, विराम आणि चेहरा यांवरच त्याची भिस्त. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा दाते त्यात होते. १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटातला त्यांचा वयस्क नवरा तर आजही पाहता येतो. तरुण मुलीशी लग्न केलेल्या त्या म्हाताऱ्याला खलनायक करणे सोपे होते. दात्यांनी त्याला हट्टी, मग ओशाळलेला आणि शेवटी कीव यावी असा माणूस केले, आवाज फारसा न चढवता. नेपथ्याला गुण न देणाऱ्या स्पर्धेला असाच नट शोभतो.

मुख्य पारितोषिकाखाली अभिनयाच्या आणखी पायऱ्या आहेत. आवाजातून उभ्या केलेल्या अभिनयाचा वेगळा गौरव होतो. ध्वनिक्षेपकाच्या आधाराची सवय झालेल्या पिढीच्या काळात तो टिकून आहे, ही चांगलीच गोष्ट. त्याखाली ‘उत्तेजनार्थ’ अभिनय पारितोषिके, आणि ती एकदोन नव्हेत. बाहेरच्याला ही खिरापत वाटते. पण ज्या महाविद्यालयाचा संघ अंतिम फेरीत आला आणि करंडक हुकला, तिथे पुढच्या वर्षी नाटक बसवायला पैसे आणि तालमीला खोली मिळवताना हेच एक उत्तेजनार्थ प्रमाणपत्र प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले जाते. गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाने घरी नाटकाचे नाव काढायचे तर तेच उपयोगी पडते.

परीक्षकांपुढचा पेच मात्र जुनाच. लेखकाने भूमिका भरून लिहिली असेल तर श्रेय लेखकाचे किती आणि नटाचे किती? वीस मिनिटे रंगमंचावर नुसते बसून ऐकणाऱ्या पात्राचे मोल कसे करायचे? स्पर्धांच्या इतिहासावर नजर टाकली तर वेडा, आंधळा, दारुडा, म्हातारा, मरणाच्या दारात असलेला माणूस यांच्याकडे पारितोषिकांचा ओढा दिसतो. ते स्वाभाविक आहे, कारण एकोणीस वर्षांच्या मुलाने सत्तरीतला आजोबा केला की बदल डोळ्यांत भरतो. एकोणीस वर्षांच्या मुलाने एकोणीस वर्षांचा मुलगा केला तर तो अभिनय आहे हेच पुष्कळांना कळत नाही. खरे तर तीच भूमिका अधिक कठीण. टाळीला गुण नसतात असे परीक्षक सांगतात, पण टाळी त्यांच्याही कानांवर पडतेच.

पात्र वाटले नाही तर बक्षीस रोखून धरण्याचा अधिकारही याच पेचाचा भाग आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या अंतिम फेरीत करंडकाच्या तोडीची एकांकिका नाही, असे ठरवून परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. त्यावर पुष्कळ वाद झाला. शिकणाऱ्या मुलांना निरपेक्ष कसोटी लावायची की त्या वर्षी आलेल्यांत जो उजवा त्याला द्यायचे, हा प्रश्न आजवर कुजबुजीत होता तो उघड झाला. अभिनयाच्या पारितोषिकाला तो अधिकच लागू पडतो, कारण संहिता कच्ची असेल तर नटाची हद्दच आखडते आणि तरी गुण मात्र त्याचे कापले जातात. परीक्षकांचा अधिकार मान्य करूनही एवढे म्हणावे लागते, की विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत पहिला क्रमांक रिकामा ठेवणे हा शेवटचा उपाय असावा.

पारितोषिकाने पुढे काय दिले, हे पाहताना थोडे सावध राहिलेले बरे. डॉ. श्रीराम लागू बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून नाटकाकडे आले, तेव्हा ‘पुरुषोत्तम’ नव्हता. भालबा केळकरांभोवती जमलेल्या ‘पीडीए’ या नाट्यसंस्थेत त्यांची जडणघडण झाली. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे त्याच वैद्यकीय महाविद्यालयातले. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’नंतर १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ उभी राहिली, ती याच पिढीतून. पुढे ‘आसक्त’ असो, बीएमसीसीतून आलेले अमेय वाघ, निपुण धर्माधिकारी आणि त्यांच्या सोबत्यांची ‘नाटक कंपनी’ असो, पुण्यातल्या संस्था महाविद्यालयीन संघांतूनच फुटलेल्या आहेत. बक्षीस मिळालेले कित्येक जण नंतर रंगमंचावर दिसले नाहीत आणि काहीही न मिळालेले कित्येक जण आयुष्यभर नाटक करत राहिले. बक्षीस विस्मरणात जाते. टिकते ती संघाची मैत्री, आणि त्याच मैत्रीतून नवी संस्था निघते.

‘पुरुषोत्तम’च्या काटकसरीला उत्तर म्हणून नव्हे, पण तिच्या उलट टोकाला १९७४ मध्ये पुण्यातच फिरोदिया करंडक सुरू झाला. सूर्यकांत कुलकर्णी यांच्या ‘स्वप्नभूमी’ने चालवलेली ही विविध कलागुणदर्शनाची स्पर्धा. गायन, वादन, नृत्य, चित्र, शिल्प, जादू हे सगळे एका नाट्यकथेत गुंफायचे. रंगमंचाच्या एका कोपऱ्यात कोणी कॅनव्हासवर चित्र काढतो आहे आणि मध्यभागी नट संवाद म्हणतो आहे, असे दृश्य इथे नेहमीचे. वैयक्तिक पारितोषिकेही त्या प्रमाणात पुष्कळ. नटाला इथे लक्ष वेधण्यासाठी तबल्याशी आणि कुंचल्याशी स्पर्धा करावी लागते. दोन्हीकडे रंगमंचावर उतरणाऱ्या मुलांना अभिनयाची दोन वेगळी मापे एकाच वर्षात अनुभवायला मिळतात. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोलामोलाची. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ २५ जानेवारीच्या रात्री रंगते. वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे एकमेकींपुढे ठाकतात, त्यामुळे तिथला अभिनयाचा सन्मान विजेत्यांमधल्या विजेत्याचा. २०१४ पासून ‘लोकसत्ता लोकांकिका’ची भर पडली.

शाळकरी वयाचाही एक धागा आहे. भालबा केळकरांच्या नावाने आंतरशालेय नाट्यस्पर्धा होते. एकट्याने उभे राहून बक्षीस मिळवण्याची मराठी परंपरा मात्र नाट्यछटेत आहे. दिवाकर म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९-१९३१), पुण्यातले शाळामास्तर. ब्राउनिंगच्या काव्यातील स्वगतांवरून त्यांना हा प्रकार सुचला आणि १९११ पासून त्यांनी ५१ नाट्यछटा लिहिल्या. समोर कोणी नसताना समोरच्याचे बोलणे ऐकू येते आहे असा भास निर्माण करायचा, हीच त्यातली परीक्षा. पुण्यात ‘नाट्यसंस्कार कला अकादमी’ दिवाकरांच्या स्मरणार्थ मुलांची नाट्यछटा स्पर्धा घेते. एकट्याला गुण आणि एकट्याला बक्षीस, असा हिशेब विद्यार्थी रंगभूमीवर इथे सर्वांत स्वच्छ आहे.

स्त्रीनटाचा हिशेब मात्र वेगळाच लागतो आणि तो कर्वेनगरात पाहावा. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये पुण्याच्या पेठांतून उठून इथे आला. त्याच्या एकच वर्ष आधी, १८९९ मध्ये, देवलांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले होते. म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या शारदेची भूमिका तेव्हा मुलगेच करत. विधवांना शिकवणाऱ्या आश्रमातल्या मुलींनी रंगमंचावर यावे, हे त्या काळी बोलण्याचीही सोय नव्हती. ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या त्याला त्यानंतर तीन दशके लागली. आश्रमाच्या याच संस्थेने, म्हणजे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने, १९९१ मध्ये कर्वेनगरात मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. स्पर्धेत संघ एकाच महाविद्यालयाचा असावा लागतो. त्यामुळे मुलींच्या महाविद्यालयाला बाप, फौजदार, सरपंच, प्रियकर हवा असेल तर तो मुलीनेच करायचा. बालगंधर्वांच्या काळातली अदलाबदल इथे उलटी फिरते. मिशी लावून आवाज जाड केला की झाले, असे समजणारा संघ प्राथमिक फेरीतच हसे करून घेतो. पुरुषाचे बसणे, जागा अडवणे, बोलताना समोरच्याकडे न पाहणे हे ज्या मुलीने टिपलेले असते, तिच्यापुढे परीक्षकांचे स्त्री-पुरुष नटांचे रकाने अपुरे पडतात. पुरुषपात्रासाठी मुलीला मिळालेले पारितोषिक कोणत्या रकान्यात लिहायचे? अभिनयाचे पारितोषिक लिंगनिरपेक्ष असावे या मागणीला एवढा सरळ आधार दुसरा नाही.

बाहेरच्या देशांत या पारितोषिकांची वाट वेगळी निघाली. लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत बॅन्क्रॉफ्ट सुवर्णपदक हे तिथल्याच विद्यार्थ्याला मिळे. चार्ल्स लॉटन त्याचे मानकरी. ब्रिटनमध्ये १९५६ पासून विद्यार्थ्यांचा राष्ट्रीय नाट्यमहोत्सव भरू लागला. अमेरिकेत केनेडी सेंटरच्या पुढाकाराने १९६९ मध्ये महाविद्यालयीन नाट्यमहोत्सव सुरू झाला आणि त्याला १९७२ मध्ये आयरीन रायन शिष्यवृत्ती जोडली गेली. ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या दूरचित्रवाणी मालिकेतली आजी म्हणून घरोघरी पोचलेल्या या अभिनेत्रीने स्वतःच्या पैशातून ती ठेवली. नाटकातल्या भूमिकेवरून विद्यार्थ्याची निवड होते, पण स्पर्धेला तो ते नाटक घेऊन जात नाही. एक जोडीदार आणि निवडलेले उतारे एवढ्यावर काही मिनिटांत तो स्वतःला सिद्ध करतो. शिष्यवृत्ती त्याची, जोडीदाराची नव्हे. २००९ पासून अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठी संगीत नाटकांतल्या अभिनयाचे ‘जिमी’ पुरस्कारही आहेत. तिथे पारितोषिक म्हणजे पुढच्या शिक्षणाचा पैसा, आपल्याकडे ते मुख्यतः नाव. शिक्षणाची सोय आपल्याकडे निराळ्या मार्गाने आली. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले आणि नाटक हा पदवीचा विषय झाला, तरी शहराचा स्पर्धेचा ज्वर त्याने कमी झाला नाही. अभियांत्रिकी आणि वाणिज्य शाखेची मुलेच आजही स्पर्धेत पुढे दिसतात.

पुण्याबाहेरच्या केंद्रांनी अभिनयाच्या मोजमापात नवा प्रश्न आणला. कोल्हापूर, रत्नागिरी, औरंगाबाद, नागपूर अशा केंद्रांवर ‘पुरुषोत्तम’च्या फेऱ्या होऊ लागल्या आणि तिथले विजेते महाअंतिम फेरीसाठी पुण्यात येऊ लागले. त्यांच्याबरोबर मालवणी, वऱ्हाडी, मराठवाडी आणि कोल्हापुरी बोलीही आल्या. पुणेरी संघाने शिकून उचललेली बोली आणि त्या मुलुखातल्या मुलाच्या तोंडची बोली यांत फरक असतो, आणि तो तिथल्या प्रेक्षकाला पहिल्या वाक्यात कळतो. परीक्षकांत त्या मुलुखाचा कोणी नसला तर शिकलेली बोली अधिक ठसठशीत वाटून गुण घेऊन जाऊ शकते, आणि जन्माची बोली बोलणारा ‘नेहमीसारखाच बोलला’ म्हणून मागे राहू शकतो. त्यासाठी भरताच्या त्या दहांमध्ये बोलीचा एक प्राश्निक जोडावा लागेल.